जुन्या विमानात नवे उपकरण : एव्हिऑनिक्स डिझाइन अभियंत्याचे काम कसे करावे

साखर कारखान्याच्या वीस वर्षांच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये नवा ड्राइव्ह बसवण्याचे काम ज्याने एकदा तरी केले आहे, त्याला माझे, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या (एव्हिऑनिक्सच्या) डिझाइनचे, काम समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. माझ्या वडिलांचे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पॅनेल वायरिंगचे छोटे वर्कशॉप होते, आणि गळीत हंगाम संपला की सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यांची अशी कामे त्यांच्याकडे येत. पॅनेलचे दार उघडल्यावर दिसणारे दृश्य ठरलेले असे : मूळ ड्रॉइंग एका तऱ्हेचे, आतली वायरिंग दुसऱ्याच तऱ्हेची, मधल्या काळात तीन-चार जणांनी आपापल्या सोयीने केलेल्या जोडण्या, आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत सगळे चालू करून देण्याची घाई. प्रवासी विमानात नवे उपकरण बसवण्याच्या कामाचा सांगाडा हाच आहे. कारखान्यात काही जळाल्याचा वास आला तर मेन स्विच पाडून माणूस बाहेर येऊन उभा राहतो. पस्तीस हजार फुटांवर ती सोय नाही, आणि आमच्या कामातले बहुतेक नियम या एका अडचणीतून आलेले आहेत.

सांगली, मिरज, कराड, सातारा या भागांत इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या मुलामुलींना विमानाचे काम म्हणजे एक तर वैमानिक, नाहीतर हँगरमधला मेंटेनन्स इंजिनिअर, एवढेच ठाऊक असते. मेंटेनन्स इंजिनिअर मान्य कागदपत्रांनुसार विमान दुरुस्त करतो आणि उड्डाणासाठी सोडतो. ते मान्य कागद ज्या माणसाने तयार केलेले असतात, तो डिझाइन अभियंता. विमान कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्यात नसलेली गोष्ट आता बसवायची असेल, तर ती कुठे बसेल, वीज कुठून घेईल, कोणाशी बोलेल, बिघडली तर काय होईल आणि हे सगळे नियमात बसते हे कसे सिद्ध करायचे, याची उत्तरे त्याने द्यायची असतात.

अशी कामे बहुधा नियम बदलल्यामुळे येतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे दगावली, आणि त्यानंतर आपल्याकडे टक्कर टाळण्याची इशारा यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे आधीपासून उडत असलेल्या कितीतरी विमानांत ती नव्याने बसवावी लागली. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून ठराविक हवाई क्षेत्रांत विमानाने आपले स्थान स्वतःहून प्रसारित करणे बंधनकारक झाले, तेव्हा जगभरच्या ताफ्यांचे ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारे विमानातले उपकरण) बदलावे लागले. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ या, उपग्रहावरून मिळणारे स्थान अधिक अचूक करणाऱ्या यंत्रणेचा उपयोग करायचा असेल, तरी तो संकेत वाचणारा रिसीव्हर विमानात असावा लागतो. याखेरीज जुन्या काचेच्या नळीचे डिस्प्ले मिळेनासे झाले म्हणून नवे बसवणे, केबिनमध्ये वायफाय देणे, अशी व्यापारी कारणांची कामे असतातच.

आधी बदलाचा दर्जा ठरवावा

काम हाती आले की पहिला प्रश्न तांत्रिक नसतो. हा बदल किरकोळ आहे की मोठा, हे आधी ठरवावे लागते. वजन, समतोल, ढाच्याची ताकद, विश्वासार्हता, उडण्याचे गुणधर्म किंवा उड्डाणयोग्यतेशी संबंधित अन्य कोणत्याही बाबीवर लक्षणीय परिणाम होत नसेल तर बदल किरकोळ धरतात. बाकी सगळे मोठे. जुन्या रेडिओच्या ट्रेमध्ये त्याच मापाचा, तेच काम करणारा आणि त्याच पिनांवर बसणारा सुधारित रेडिओ घालणे सहसा किरकोळ ठरते. हवेचा दाब धरून ठेवणाऱ्या पत्र्याला अँटेनासाठी भोक पाडणे किंवा वैमानिकासमोरचा मुख्य डिस्प्ले बदलणे हे मोठे. मूळ विमान बनवणाऱ्या कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी मोठा बदल केला, तर त्यासाठी सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातले ‘एसटीसी’, घ्यावे लागते. आपल्याकडे हे डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ‘कार-२१’ या नियमावलीखाली चालते, युरोपात आणि अमेरिकेत त्याच क्रमांकाच्या पार्ट २१ खाली. लष्करी विमानांचा रस्ता निराळा असून तिथे सेमिलॅक ही संस्था मान्यता देते.

त्यानंतर कोणती कलमे लागू होतात याची यादी करावी. मोठ्या प्रवासी विमानांना पार्ट २५, लहान विमानांना पार्ट २३, हेलिकॉप्टरांना २७ आणि २९. प्रत्येक लागू कलमासमोर ते आपण कसे सिद्ध करणार, याचा ० ते ९ असा सांकेतिक आकडा लिहितात : १ म्हणजे ड्रॉइंग आणि वर्णन, २ म्हणजे गणित, ३ म्हणजे सुरक्षा विश्लेषण, ४ प्रयोगशाळेतील चाचणी, ५ जमिनीवरची चाचणी, ६ उड्डाण चाचणी, ७ प्रत्यक्ष तपासणी, ८ सिम्युलेटर, ९ उपकरणाची स्वतःची पात्रता, आणि ० म्हणजे नुसते विधान किंवा संदर्भ. नवीन आलेली मुले हा तक्ता कारकुनी समजून शेवटासाठी ठेवतात. तो पहिल्या आठवड्यातच करावा, कारण एखाद्या कलमासमोर ६ लिहावे लागणार आहे हे हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) बनल्यावर कळले, तर विमान, वैमानिक, इंधन आणि परवानगी यांची जुळवाजुळव आयत्या वेळी करण्याची पाळी येते, आणि तेव्हा बोलणी तक्ता न करणाऱ्यालाच खावी लागतात.

विमान पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये

माझी पहिली मोठी चूक इथली आहे. एका जुन्या विमानाच्या मागच्या भागात एक उपकरण बसवायचे होते. उत्पादकाची ड्रॉइंगे हाताशी होती आणि त्यांत ती जागा स्वच्छ मोकळी दिसत होती, म्हणून मी टेबलावर बसूनच ब्रॅकेटचे डिझाइन केले, ते बनूनही आले. हँगरमध्ये पॅनेल उघडले तेव्हा त्या जागेतून हवेचा एक लवचीक डक्ट गेलेला होता. पूर्वीच्या मालकाने केलेल्या बदलात तो आलेला होता. त्या बदलाचे कागद विमानाच्या नोंदींत व्यवस्थित होते, मीच ते मागवले नव्हते. ब्रॅकेट वाया गेला, विमान दोन दिवस जास्त उभे राहिले, आणि मी त्या दिवसापासून ‘मोकळी जागा’ हा शब्द ड्रॉइंगवरून वापरणे सोडले.

म्हणून सर्वेक्षणाला जाण्याआधी त्या विशिष्ट विमानाच्या, म्हणजे शेपटीवरच्या नोंदणी क्रमांकाच्या, आजवरच्या सर्व बदलांची यादी मागवावी. एकाच कारखान्यातून लागोपाठ बाहेर पडलेली दोन विमाने आतून सारखी असतील असे गृहीत धरू नये. जाताना टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, मोजपट्टी आणि परवानगी घेतलेला कॅमेरा न्यावा. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवावी, नाहीतर परत आल्यावर त्या फोटोतली फट दोन सेंटिमीटरची की सहा सेंटिमीटरची यावर वाद घालत बसावे लागते. मोजताना नुसती जागा मोजू नये. उपकरण बाहेर काढायला हात कुठून जाईल, कनेक्टर फिरवायला बोटे मावतील का, शेजारचा पंप काढायचा असेल तेव्हा आपला ब्रॅकेट आडवा येईल का, हेही पाहावे. ज्या तंत्रज्ञाने त्या विमानावर वर्षानुवर्षे काम केले आहे त्याच्याशी चहा प्यावा. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणता क्लॅम्प नेहमी सैल होतो, हे त्याला ठाऊक असते आणि ते कोणत्याच पुस्तकात छापलेले नसते.

वीज कोणत्या बसवरून घ्यावी

मोठ्या विमानात ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची एसी आणि २८ व्होल्टची डीसी अशी दुहेरी वीज असते, आणि ती वेगवेगळ्या बसवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या सामाईक पट्ट्यांवर, वाटलेली असते : काही बस नेहमीच्या, काही अत्यावश्यक, काही जनित्रे बंद पडल्यावर केवळ बॅटरीवर चालणाऱ्या. नवे उपकरण कोणत्या बसवर टाकायचे हा माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो ‘जिथे ब्रेकरची जागा रिकामी आहे तिथे’ अशा पद्धतीने कधीही घेऊ नये.

२ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ जण मृत्युमुखी पडले. एमडी-११ जातीच्या त्या विमानात प्रवाशांच्या करमणुकीची यंत्रणा नंतर, एसटीसीखाली बसवलेली होती. कॅनडाच्या तपास मंडळाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार आग कॉकपिटच्या छतामागे वायरमधील ठिणगीतून लागली असावी आणि पेट घेणाऱ्या इन्शुलेशनच्या आवरणामुळे ती पसरली. आगीच्या सुरुवातीच्या भागात ठिणगीच्या खुणा असलेली जी वायर सापडली, ती या करमणूक यंत्रणेची होती. मात्र तेवढी एकच वायर कारण होती असे मंडळाने म्हटले नाही. आमच्या दृष्टीने आणखी एक तपशील ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धूर आल्यास केबिनची वीज तोडण्यासाठी वैमानिकाकडे ‘केबिन बस’ नावाचा स्विच होता, पण ही नवी यंत्रणा वेगळ्या बसवरून वीज घेत असल्यामुळे तो स्विच बंद करूनही तिची वीज तुटणार नव्हती. वैमानिकाच्या हातातल्या यादीत जे लिहिले होते ते आणि विमानात प्रत्यक्ष जे जोडले होते ते, यांत अंतर पडले होते.

तेव्हा बस निवडताना वैमानिकाच्या आणीबाणीच्या याद्या समोर घेऊन बसावे, आणि प्रत्येक पायरीला विचारावे : हा स्विच पाडल्यावर माझे उपकरण बंद होते का, व्हायला हवे का? करमणुकीचे आणि सोयीचे उपकरण असेल तर ते सहज बंद करता आलेच पाहिजे. उलट उड्डाणासाठी लागणारे उपकरण असेल, तर ते कोणत्या बिघाडात चालू राहायला हवे तेही लिहून ठेवावे.

यानंतर विद्युत भाराचे विश्लेषण येते. उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यात त्या बसवर आधी किती भार आहे, आपण किती वाढवतो आणि जनित्राची क्षमता किती, याचा हा तक्ता असतो. जुन्या बदलांचे भार त्यात धरलेले आहेत की नाहीत हे तपासावे. पुष्कळदा ते धरलेले नसतात. बॅटरीवरच्या बसला पाच वॅट वाढवायचे असले तरी पूर्ण हिशेब पुन्हा करावा.

एका वायरचा हिशेब

उदाहरणादाखल एक वायर शेवटपर्यंत नेऊन पाहू. उपकरण १५० वॅटचे, वीज २८ व्होल्टची, बसपासूनचे अंतर १२ मीटर, आणि परतीचा प्रवाह धातूच्या ढाच्यातून. प्रवाह १५० भागिले २८, म्हणजे सुमारे ५.४ अँपिअर. अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाच्या एसी ४३.१३ या मार्गदर्शक पुस्तिकेत २० गेजच्या तांब्याच्या वायरला साडेसात अँपिअरचा ब्रेकर दिलेला आहे. प्रवाह ५.४, ब्रेकर साडेसातचा, वायर त्याला साजेशी. इथे पुष्कळ जण थांबतात.

पण २० गेजच्या वायरचा रोध मीटरला साधारण ३२ मिलिओहम असतो. १२ मीटरला तो सुमारे ०.३९ ओहम झाला आणि त्यावर ५.४ अँपिअरने दोन व्होल्टपेक्षा थोडे जास्तच पडतात. २८ व्होल्टच्या सतत चालणाऱ्या भाराला त्याच पुस्तिकेप्रमाणे एकच व्होल्ट पडलेला चालतो. म्हणून जाड वायर घ्यायला हवी. १६ गेजवर उत्तर बरोबर एक व्होल्टच्या काठावर येते, आणि काठावरची उत्तरे मी स्वीकारत नाही, कारण वायर तापली की रोध वाढतो. १४ गेजवर साधारण ०.६५ व्होल्ट पडतात, हे चालेल. घरच्या वायरिंगची सवय असणाऱ्यांनी इतके लक्षात ठेवावे की गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, आणि १४ गेज म्हणजे ढोबळमानाने दोन चौरस मिलिमीटर.

आता पुढचा पेच. उपकरणाच्या कनेक्टरमधली पिन २० गेजपर्यंतचीच वायर घेणारी असेल तर १४ गेज तिच्यात शिरणार कशी? उपाय तीन : शेवटच्या काही सेंटिमीटरना मान्य स्प्लाइस (वायर-जोड) वापरून बारीक वायर जोडणे, उत्पादकाच्या सूचनेत स्पष्ट परवानगी असेल तरच दोन पिना समांतर वापरणे, किंवा जवळची बस शोधून १२ मीटरचे अंतरच कमी करणे. शक्य असेल तेव्हा मी तिसरा उपाय घेते. स्प्लाइस वापरल्यास ब्रेकर बारीक वायरच्या मानाने निवडावा, जाड वायरच्या नव्हे, कारण ब्रेकर असतो तो वायर वाचवण्यासाठी; उपकरणाने आपले रक्षण आपल्या आतल्या फ्यूजने करावे.

आणखी एक. आजकालच्या उपकरणांचे पॉवर सप्लाय वॅट स्थिर ठेवतात. बॅटरीचा दाब २२ व्होल्टपर्यंत उतरला तर तेच १५० वॅट घेण्यासाठी प्रवाह ६.८ अँपिअरवर जातो. हिशेब त्या परिस्थितीचाही करावा.

वायर कोणत्या वाटेने न्यावी

वडील क्रिंप केलेली, म्हणजे टर्मिनल दाबून बसवलेली, प्रत्येक वायर दोन बोटांत धरून एकदा ओढून पाहत, आणि शिकाऊ मुलाने ती न ओढता पुढे दिली तर टर्मिनल कापून पुन्हा करायला लावत. विमानात हेच काम कॅलिब्रेट केलेले क्रिंपिंग टूल आणि नमुन्यांची ओढ-चाचणी करते, आणि त्याचे आकडे लिहून ठेवावे लागतात. डिझाइन करणाऱ्याने मात्र त्याच्या आधीचा विचार करायचा असतो : वायर जाते कुठून.

१७ जुलै १९९६ च्या टीडब्ल्यूए ८०० आणि त्यानंतरच्या स्विसएअर १११ या अपघातांनंतर वायरिंगकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या पार्ट २५ मध्ये वायरिंगसाठी स्वतंत्र उपभाग आला. त्याचा मथितार्थ असा की वायर ही दोन उपकरणांना जोडणारी सुतळी नसून स्वतः एक यंत्रणा आहे. तिला ओळखक्रमांक हवा, इतरांपासून अंतर हवे, आणि तिच्या देखभालीच्या सूचना हव्यात. एकाच कामाच्या दोन पर्यायी यंत्रणांच्या वायरी एका जुडग्यात बांधू नयेत, नाहीतर एकाच ओरखड्यात दोन्ही जातात. इंधन किंवा हायड्रॉलिक नळीच्या जवळून जायची वेळ आली तर वायर वरून न्यावी, खालून नव्हे. वळणाची त्रिज्या जुडग्यातल्या सर्वांत जाड वायरच्या बाहेरील व्यासाच्या दहापटीहून कमी नसावी. दोन क्लॅम्पच्या मध्ये हाताने दाबल्यावर जुडगा अर्ध्या इंचापेक्षा जास्त हलू नये, आणि अगदी ताठही असू नये; कनेक्टर एक-दोनदा कापून पुन्हा बसवता येईल इतकी ढील टोकाला ठेवावी.

पाण्याबद्दल सांगलीकराला जास्त सांगावे लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर किती मोटारी आणि पॅनेल वाळत घातलेली होती, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. विमानात पूर येत नाही, पण बाहेर उणे पन्नास अंश आणि आत माणसांच्या श्वासाची वाफ असल्यामुळे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते, ते इन्शुलेशनमध्ये मुरते आणि वायरीच्या अंगाने ओघळत कनेक्टरपर्यंत पोचते. म्हणून कनेक्टरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे थेंब तिथून खाली गळतो. ड्रॉइंगवर हा वळसा स्पष्ट काढावा. ‘तंत्रज्ञ बघून घेईल’ असे म्हणू नये. तंत्रज्ञाने ड्रॉइंगप्रमाणेच बांधावे अशी त्याच्यावर सक्ती असते.

अँटेना आणि संदेश

अँटेनासाठी पत्रा कापायचा असल्यास ढाच्याच्या अभियंत्याला पहिल्या दिवशीच सोबत घ्यावे, कारण आतून लावायचा डबलर (मजबुतीचा जादा पत्रा), रिव्हेटांची रांग आणि धातूच्या थकव्याचे गणित हे त्याचे काम आहे आणि त्याला वेळ लागतो. आपले काम जागा सुचवण्याचे : कोणापासून किती दूर, कोणाच्या सावलीत नाही. उपग्रहाशी बोलणारा ट्रान्समीटर आणि जीपीएसचा रिसीव्हर शेजारी ठेवले तर जीपीएस बहिरा होतो. अँटेनाचा तळ आणि पत्रा यांतला रोध बहुतेक सूचनांत २.५ मिलिओहमच्या आत मागतात. त्यासाठी रंग खरवडायचा, जोडणी करायची आणि लगेच कडा सील करायची. सील विसरले की काही महिन्यांत खाली पांढरी भुकटी दिसू लागते.

उपकरणांचे आपसातले बोलणे बहुतेक नागरी विमानांत अजून एआरआयएनसी ४२९ या संदेशवहनाच्या मानकावर चालते : पिळलेल्या, शील्ड असलेल्या दोन वायरी, ३२ बिटांचा शब्द, एक बोलणारा आणि जास्तीत जास्त वीस ऐकणारे. वीसचा आकडा जुन्या विमानात आधीच भरत आलेला असू शकतो, तो मोजावा. साध्या होय-नाही संकेतांत नवख्यांची हमखास फसगत होते : एक उपकरण ‘होय’साठी वायर ग्राउंडला, म्हणजे विमानाच्या धातूच्या ढाच्याला, जोडते, दुसऱ्याला ‘होय’साठी २८ व्होल्ट हवे असतात, आणि दोघांच्या पिनांची नावे मात्र सारखीच असतात. नावावर न जाता दोन्ही पुस्तिकांतील विद्युत तपशील शेजारी ठेवून वाचावेत.

बिघाड, चाचणी, कागद

सुरक्षा विश्लेषणात प्रत्येक बिघाडाचा परिणाम आधी ठरवतात आणि मग त्याची शक्यता. मोठ्या विमानांत ज्या बिघाडाने विमानच जाईल त्याची शक्यता दर उड्डाण-तासाला एक अब्जांशाहून कमी असावी लागते, आणि तो एकाच गोष्टीच्या बिघाडाने घडता कामा नये. उपकरण बंद पडणे हा सोपा प्रकार आहे. ते चालू राहून चुकीची माहिती देणे हा खरा घातक प्रकार, आणि विश्लेषण करताना बहुतेक वेळ त्यावरच खर्च करावा.

उपकरण डीओ-१६० या चाचणी-मानकाप्रमाणे तापमान, कंपन, दमटपणा, वीज पडणे, रेडिओ लहरी या चाचण्यांतून गेलेले असते. परंतु प्रमाणपत्र आहे म्हणजे ते आपल्या जागी चालते असे नव्हे. कोणत्या वर्गाची चाचणी झाली आणि आपली जागा कोणत्या वर्गात मोडते, हे जुळवून पाहावे. पंख्याशेजारच्या कंपनाचा आणि केबिनमधल्या कंपनाचा वर्ग एक नसतो. जमिनीवरच्या हस्तक्षेप चाचणीत एका बाजूला त्रास देऊ शकणारी आणि दुसऱ्या बाजूला त्रास होऊ शकणारी उपकरणे लिहून चौकटीगणिक तपासतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते बहुधा रात्री होते, कारण विमान तेव्हाच रिकामे मिळते. जागरणात चौकटी गाळण्याचा मोह आवरावा.

कागदांत वायरिंग डायग्राम, बसवण्याची ड्रॉइंगे आणि सूचना, वजन-समतोलाचा फरक, वैमानिकाच्या पुस्तिकेची पुरवणी आणि देखभालीच्या सूचना हे किमान असतात. काम संपताना तंत्रज्ञाने ड्रॉइंगवर लाल शाईने केलेले फरक अंतिम प्रतीत घेतले गेले का, हे स्वतः पाहावे. माझ्या डक्टच्या प्रसंगात आधीच्या अभियंत्याने आपले कागद पुरे केले होते, म्हणून चूक निदान दोन तासांत उलगडली.

इथे राहून तयारी

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्या वालचंद हिराचंदांचे नाव आहे, त्यांनीच १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली होती; तिचीच पुढे एचएएल झाली. तरी आपल्या भागात प्रत्यक्ष हे काम नाही. कराडची धावपट्टी लहान, कवलापूरची जुनी. नोकऱ्या बंगळूर, हैदराबाद, नाशिकजवळचे ओझर, नागपूर अशा ठिकाणी आहेत, आणि मुलाखतीला जाण्याआधी करता येण्यासारखे पुष्कळ काही घरी आहे.

इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार किंवा इलेक्ट्रिकल, यांपैकी कोणतीही शाखा चालते; एरोनॉटिकलची पदवी असलीच पाहिजे असे नाही. एसी ४३.१३ चे विद्युत यंत्रणेवरचे अकरावे प्रकरण फुकट उपलब्ध आहे, ते आकृत्यांसह वाचावे. इंग्रजीत एक परिच्छेद असा लिहिता यावा की त्याचे दोन अर्थ निघू नयेत. भाषेचा फुलोरा नको. आणि हाताने काम करावे. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या पॅनेलवाल्याकडे सुट्टीत दोन महिने गेलात, तर क्रिंप, फेरूल, नंबरिंग आणि ड्रॉइंगवरून वायर शोधणे हे अंगवळणी पडते, आणि ते मुलाखतीत लगेच दिसते.

ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी घरातला किंवा शेजारच्या शेतातला एखादा जुना ट्रॅक्टर घ्यावा, बॅटरीची तार सोडवावी, आणि मल्टिमीटरने एकेक वायर शोधत त्याच्या संपूर्ण वायरिंगचा डायग्राम कागदावर काढावा : प्रत्येक वायरला क्रमांक, गेज, रंग, दोन्ही टोके आणि फ्यूज. मग कंपनीच्या पुस्तिकेतला डायग्राम शेजारी ठेवून जिथे जिथे फरक आढळेल तिथे लाल शाईने खूण करावी, आणि तो फरक कोणी, कधी आणि का केला असेल हे मालकाला विचारून त्याच कागदावर लिहावे.